वॅटची वाटणी

आमच्या घरात आजवर तीन वाटण्या झाल्या. एक वाडीची, एक तांब्याच्या भांड्यांची आणि एक वॅटची. पहिल्या दोन्हींत माणसं नुसती रुसली. तिसरीत दोन माणसं बुडता बुडता राहिली. त्यातला एक मी. दुसरी माझी सख्खी आत्या, जिच्यावाचून त्या संध्याकाळी माझ्या पुतण्याला हळद लागणार नव्हती.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. (मी कुणाला काहीच नीट सांगत नाही. शाळेत क्लार्क आहे; सही कुठे करायची तेसुद्धा बोटाने दाखवतो.) आमच्या घरात माझ्या गप्प बसण्याला होकार समजतात. मुलगी बघायला गेलो तेव्हा सासऱ्यांनी विचारलं, "मग, पसंत?" मी घाबरून गप्प बसलो आणि नलिनी घरात आली. त्या एका गप्प बसण्याचा मला पश्चात्ताप नाही. बाकी सगळ्यांचा आहे.

तर आमची नागावला समुद्राच्या अंगाला नारळाची वाडी आहे. तिच्यात मोठा भाऊ दादा आणि मी पाहुण्यांसाठी खोल्या चालवतो. पाहुण्यांच्या बॅगा, गॅसचे सिलिंडर, पाडलेले नारळ असलं सगळं वाहायला दादाने एक जुनी एटीव्ही घेतली. किनाऱ्यावर पर्यटकांना गरागरा फिरवतात ती जाड चाकांची गाडी. चार चाकं फाकवून वाळूत खेकड्यासारखी तिरकी पळते म्हणून घरात तिला सगळे कुर्ली म्हणतात.

कुर्लीत एकच खोट होती. तिचे दिवे! इतका पिवळा, इतका नम्र उजेड की समोर काय आहे ते दाखवायच्या ऐवजी 'समोर काहीतरी असावं' एवढंच ते सुचवायचे. आणि मला तर अंधारात किनाऱ्यावर जायची पहिल्यापासून भीती. समुद्र दिसत नाही, नुसता श्वास घेताना ऐकू येतो. म्हणून निखिलच्या, म्हणजे दादाच्या मुलाच्या, लग्नाच्या आधी मी ठरवलं की हिचे दिवे बदलायचे.

आता इथे थोडी माहिती देतो, म्हणजे पुढचं पाप नीट कळेल. कुर्लीच्या इंजिनात वीज तयार करणारा एक भाग असतो, त्याला स्टेटर म्हणतात. तो म्हणजे विहिरीवरची मोटर समजा. बॅटरी म्हणजे टाकी. इंजिन जोरात फिरलं की मोटर धो धो पाणी चढवते, हळू फिरलं की नुसती गुळणी टाकते. आणि दिवे, हॉर्न वगैरे म्हणजे टाकीचे नळ. मोटर चढवते त्याहून जास्त नळ सोडले की टाकी रिकामी. एवढं सोपं आहे. वाडीला पाणी सोडणाऱ्या कुठल्याही माणसाला हे कळतं. मला तर चांगलंच कळत होतं.

म्हणून मी शहाण्यासारखा वागलो. जुने बल्ब काढले, कमी वीज खाणारे एलईडी बसवले. जाड वायर ओढली, रिले बसवला, बरोबर मापाचा फ्यूज घातला. हँडलवर बॅटरीचा व्होल्ट दाखवणारा लाल आकड्यांचा छोटा मीटर लावला. कळ दाबली. समोरची सुरूची झाडं अशी पांढरीफटक उजळली की एक बगळा सकाळ झाली समजून उडाला!

आणि मग मी आयुष्यातली सगळ्यात मोठी चूक केली. रात्री जेवताना मी आपणहून बोललो.

"दिवे बदलले," मी म्हणालो. "उजेड दुप्पट. आणि निम्मे वॅट वाचले."

सगळ्यांचे घास हातात राहिले. एक तर मी बोललो होतो. आणि दुसरं म्हणजे घरात काहीतरी वाचलं होतं.

"वाचले?" दादाने ताट पुढे सरकवलं. "म्हणजे शिल्लक आहे?"

"हो, पण ते तसं—"

"कुणाच्या नावावर?"

वॅट कुणाच्या नावावर असतात?

"सामाईकच असणार," वहिनी म्हणाली. "गाडी सामाईक, तर वॅट पण सामाईक. भाऊजींनी बदलले म्हणून काय त्यांचे झाले?"

"मी तसं म्हटलंच नाही," असं मी मनात म्हटलं.

"मग एक मोठा हॉर्न लाव," दादा म्हणाला. "ट्रकचा असतो तसा, सुराचा. मुलाचं लग्न आहे. पिपाणी वाजवत फिरू काय मी?"

"आणि माझी पुढे एक लांब लाइटची पट्टी, काका," निखिल म्हणाला. "हळदीला एन्ट्री मारणार मी कुर्लीवरून. आणि एक स्पीकर. छोटाच."

"आणि गाडीवरच्या छत्रीला दिव्यांची माळ," वहिनी म्हणाली. "रंग बदलणारी. नवरा मुलगा काळोखात बसणार काय?"

मी आशेने नलिनीकडे बघितलं.

"मला काही नको," नलिनी म्हणाली.

ज्यांची लग्नं झाली आहेत त्यांना याचा अर्थ कळेल. मी ताबडतोब तिच्या नावाने मोबाईलचा चार्जर लावायचं कबूल केलं.

अशी वॅटची वाटणी झाली. वाडीच्या वाटणीला मोजणीदार आला होता, हिला तोही नाही. निम्मे वॅट वाचले होते, दीडपट वाटले गेले. मला तिथेच म्हणता आलं असतं, 'अरे, एवढे नाहीत.' तीन शब्द! पण तोपर्यंत सगळे हात धुवायला उठले होते, आणि माझ्या गप्प बसण्याला होकार समजून वहिनीने मला वर आणखी भात वाढला होता.

आता खरं सांगायचं तर या वाटणीत मी स्वतःही एक वाटा लाटला. चोरून! कुर्लीच्या मागच्या बाजूला मी एक झगझगीत दिवा बसवला. मागे उजेड टाकणारा. नलिनीला सांगितलं, "रिव्हर्स घ्यायला." खरं कारण असं की काळोखात किनाऱ्यावरून जाताना माझी भीती नेहमी मागून येते. पुढचं दिसलं तरी मागे काय आहे ते कळत नाही, आणि मान वळवून बघायची माझ्यात हिंमत नाही. दिव्याने परस्पर बघावं. हा दिवा कुणाच्या हिशेबात येऊ नये म्हणून त्याची वायर मी सगळ्यांना चुकवून थेट बॅटरीला जोडली.

सगळं जोडून झाल्यावर कळ दाबली. हॉर्न वाजला, माळ रंगली, पट्टी पेटली आणि 'टिक्'! सगळं बंद. मुख्य फ्यूज उडाला.

फ्यूज म्हणजे आमच्या घरातला एकुलता एक असा, जो वेळेवर 'नाही' म्हणतो. मी काय केलं? त्याचं तोंड बंद केलं. त्याच्या जागी दुप्पट मापाचा फ्यूज घातला. त्यावर सगळं झकास पेटलं. उडणार कसा? आता फ्यूजच्या आधी वायर वितळली असती. हे मला माहीत होतं. ते माहीत असल्यामुळेच मला त्या रात्री जेवण गेलं नाही.

"अहो, नीट झालं ना सगळं?" नलिनीने विचारलं.

मी गप्प बसलो.

"चला, बरं झालं," ती म्हणाली.

हळदीचा दिवस उजाडला. वाडीत मांडव, खुर्च्या, डीजेच्या भिंतीएवढ्या पेट्या. पण डीजे मुका होता. आम्हा आगरी लोकांत हळद लावते ती धवलारीण. ही बाई धवले गाते. गाण्यातून देवांना बोलावते, मग गोतातल्या एकेकाला नावाने हाक मारते, आणि नाव आलं की त्या माणसाने उठून नवऱ्याला हळद लावायची. पंचक्रोशीतली सगळ्यात मोठी धवलारीण म्हणजे आमची आत्या. शेजारच्या गावात राहते, गुडघे गेलेत, आवाज तेवढा जसाच्या तसा आहे. "आत्याने तोंड उघडल्याशिवाय डीजेने उघडायचं नाही," असं दादाने बजावलं होतं.

आत्याला आणायला गाडी गेली. आणि वाटेतच अडकून राहिली. शनिवार होता, मुंबई-पुण्याची सगळी चारचाकी जनता आमच्या रस्त्यावर एकामागे एक उभी होती. ड्रायव्हरचा फोन आला की पुढची गाडी हलायचं नाव नाही, त्यातल्या लोकांनी खाली उतरून शहाळी प्यायला घेतलीत.

दादा मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला. नवरा मुलगा पाटावर बसलेला, वाटीत हळद कालवलेली, बायका वाट बघून जांभया देतायत.

"सुध्या," तो म्हणाला, "कुर्ली काढ. वाळूवरून जा आणि आत्याला घेऊन ये."

अमावास्या नुकतीच झाली होती. म्हणजे दिवस उधाणाचे. ओहोटीला समुद्र लांब जातो आणि भरतीला तितकाच आत येतो. दिवस मावळत होता. मध्ये समुद्राला मिळणारा एक ओढा, म्हणजे वहाळ, लागतो, तो ओहोटीला घोट्याएवढा आणि भरतीला माणसाएवढा. आणि कुर्लीच्या सीटखाली माझा फ्यूज.

मी गप्प बसलो.

"निघाला सुध्या!" दादाने मांडवात जाहीर केलं.

मोबाईल मी मुद्दाम घरी ठेवला. वाटेत नलिनीचा फोन आला आणि तिने 'नीट आहे ना' असं पुन्हा विचारलं तर मी सांगून टाकेन अशी मला भीती वाटत होती.

जाताना काही झालं नाही. उजेड होता, वाळू टणक होती, वहाळात चाकंसुद्धा नीट भिजली नाहीत. आत्याच्या दारात पोचलो तर आत्या तयार! म्हणजे जवळजवळ तयार. आधी तिने मला चहा पाजला. मग गजरा घातला. मग तो उपटून दुसऱ्या बाजूला घातला. मग चष्मा शोधला, जो डोळ्यांवर होता. मी काही बोललो नाही. बाहेर दिवस विझला.

आत्याच्या तोंडात गाडीची 'गारी' होते आणि हळूचं 'हलू'. तिला मागे बसवलं, तिने माझ्या कमरेला दोन्ही हातांनी अशी मिठी मारली की माझा श्वास वरच्या वर राहिला.

"हलू चालव रं बाबा," ती म्हणाली. "ही कसली गारी, हिला धरायला पन काय न्हाय."

काळोख पडला होता. मी दिवे लावले. वाळू लख्ख उजळली, छत्रीची माळ लाल-हिरवी-निळी व्हायला लागली, आत्याचा मोबाईल चार्जरला लागला. "कवरा उजेड!" आत्या खूश झाली. मीटरवर तेराच्या पुढचा आकडा होता. मला वाटलं, उगाच घाबरलो.

"अरं हलू! हलू!"

मी हळू केलं. आकडा खाली आला. समोरचा उजेड पिवळसर झाला. म्हणजे मोटरने गुळणी टाकायला सुरुवात केली होती आणि नळ सगळे सोडलेले. मी जोर दिला. उजेड पांढरा झाला.

"मारतंस का मना? हलू!"

तेव्हा मला माझी अवस्था पूर्ण समजली. हळू गेलो तर दिवे मरणार होते. जोरात गेलो तर आम्ही.

"आत्या, जरा जोरात जायला लागेल," मी म्हणालो.

"का?"

झालं! 'का'चं उत्तर द्यायचं तर फ्यूजपर्यंत जावं लागत होतं. मी गप्प बसलो आणि हळू केलं.

आत्याने माझ्या खांद्यावरून मान पुढे काढली. "ता लाल कया दिसतंय? घड्याल?"

मी काही बोललो नाही.

"बारा वाजले?"

"वाजतायत," मी म्हणालो. माझ्या तोंडून खरं निघालं ते एवढंच.

थोडं पुढे गेल्यावर ती पुन्हा वाकली. "अरं, आता अकरा? तुजा घड्याल उलटा चालतंय रं!"

एवढ्यात वहाळ आला. जाताना घोट्याएवढा होता, आता काळं पाणी दोन्ही काठांना लागलं होतं आणि उलटं, समुद्राकडून आत वाहत होतं. भरती लागली होती. वहाळाच्या पलीकडे आमच्या वाडीतले दिवे दिसत होते. हाकेच्या अंतरावर!

वहाळ तोंडाशी पसरट असतो, तिथे पाणी उथळ. म्हणून मी कुर्ली समुद्राच्या बाजूला घेतली. (ओहोटीला ही अक्कल बरोबर असते.) तिथे वाळूचा एक उंचवटा होता. त्यावर चढून मी थांबलो आणि पाण्याचा अंदाज घ्यायला लागलो. इंजिन धापा टाकत होतं, पट्टी, माळ, चार्जर सगळं चालू होतं. माझ्या मांडीखालून एक वास आला. प्लास्टिक जळल्याचा. आधी थोडा, मग पोटभर.

"कोनचा घर जलतंय?" आत्याने विचारलं.

आमचंच, आत्या. सीटखालून धुराची एक बारीक रेघ वर आली. पट्टी गेली. माळ निळ्यावर असताना गेली. पुढचे दिवे गेले. इंजिनाने एक आचका दिला आणि तेही गेलं. मुख्य वायर वितळली होती. मोठा फ्यूज मात्र आतमध्ये ठणठणीत होता!

आता नुसता समुद्राचा आवाज. आणि एक उजेड. मागचा. माझा चोरटा दिवा थेट बॅटरीला जोडलेला, त्यामुळे तो एकटाच जिवंत होता. त्याचं काम होतं मागे काय आहे ते बघणं, आणि तो ते मनापासून करत होता. मागे समुद्र होता. एकेक लाट फेसासकट, नीट दाखवली जात होती. प्रत्येक लाट आधीच्या लाटेहून वीतभर पुढे!

मी वळून बघितलं. वहाळ पुढून वाढत होता, समुद्र मागून. उंचवटा मधोमध आणि त्यावर आम्ही. खाली उतरून कुर्ली ढकलली, ती वाळूत रुतली. आत्याला पाठीवर घ्यायला वाकलो. ती अर्धी आली आणि मी पूर्ण बसलो. पाण्यात.

"सुधा," आत्या म्हणाली. आवाज एकदम बारीक झाला होता. "गारी का बंद परली?"

मी गप्प.

"बोल."

मी गप्प.

"तू गप बसतंस म्हंजे कायतरी केलंस. न्हानपनापास्ना असाच हाय तू. बोल, न्हायतर मी इथंच उतरतंय!"

तेवढ्यात एक लाट कुर्लीच्या पायदानीला लागली आणि आत्याच्या लुगड्याचा काठ भिजला. आणि माझं तोंड उघडलं. इतक्या वर्षांचं तुंबलेलं होतं, एकदम सुटलं. मी ओरडून सांगितलं की वॅट एवढे नव्हतेच. फ्यूज उडाला होता. मी दुप्पट मापाचा घातला. मागचा दिवा रिव्हर्ससाठी नाही, मी भित्रा आहे म्हणून आहे. नलिनीला खोटं सांगितलं. भांड्यांच्या वाटणीत बुडाला भोक असलेली कळशी दादाच्या ढिगात मीच सरकवली. आणि तू तुझं म्हातारपण घेऊन माझ्या भरवशावर या गाडीवर बसलीस, तुला काही झालं तर मी—

"कलशीचा मना ठाव हाय," आत्या म्हणाली. "आता रडू नको. हाक मार कुनाला तरी."

मी हाक मारली. माझ्या हाकेचा आवाज मला स्वतःला नीट ऐकू आला नाही. सवयच नव्हती! पलीकडे मांडवात माणसं फिरताना दिसत होती. आत्याचा मोबाईल घेतला, तर चार्जरने त्याला काही पाजलंच नव्हतं, तो विझलेला.

"सर बाजूला," आत्या म्हणाली. कुर्लीच्या सीटवर ती ताठ बसली, पदर सारखा केला, आणि तिने धवला उचलला.

माइकशिवाय चार वाड्या ओलांडणारा तो आवाज! ती नेहमीसारखी देवांना बोलवायला लागली. त्या वेळी तिच्याइतक्या मनापासून देवांना कुणी बोलावलं नसेल. लाट आली की तिचा सूर वर जायचा. माझ्या गुडघ्यापर्यंत पाणी आलं होतं आणि अंगावर काटा नेमका कशाने आला ते मला सांगता येणार नाही.

डीजे मुका असल्यामुळे मांडवात ते ऐकू गेलं. आता त्यांच्या बाजूने विचार करा. अमावास्येच्या जवळची काळोखी रात्र. ज्या बाईची वाट बघतायत ती येत नाहीये. आणि तिचा आवाज येतोय, हळदीच्या धवल्याचा, थेट समुद्रातून! लोकांनी किनाऱ्याकडे बघितलं, तर पाण्यावर एक उजेड, नुसता, लुकलुकणारा, हळूहळू मंद होत चाललेला.

मांडव रिकामा झाला. मी इथून बघत होतो. माणसं पळत येताना दिसतील या आशेने बघत होतो. ती पळत होती हे खरं, पण उलट्या दिशेला! नवरा मुलगासुद्धा पाटावरून उठून पळाला. (हळदीला बसलेल्याने पाट सोडायचा नसतो, पण तो नियम करणाऱ्यांनी हे ऐकलेलं नसणार.)

एकच टॉर्च आमच्याकडे यायला लागला. नलिनी. ती काठावर येऊन उभी राहिली. "कोण आहे?"

"मी!" मी ओरडलो. "मोठा फ्यूज मी घातला!"

एवढं एकच वाक्य माझ्या तोंडात तयार होतं, दुसरं सुचलंच नाही. नलिनीने टॉर्च माझ्या तोंडावर मारला. मग मागे वळून तिने अशी हाक मारली की ती ऐकून मेलेलाही उठला असता. "अहो दादा! भूत नाही! आमचे हे आहेत!"

मग मात्र सगळे आले. दोर आले, टॉर्च आले. वहाळात छातीभर पाणी होतं. आत्याला कसं आणायचं? दादा मांडवातली लाल प्लास्टिकची खुर्ची डोक्यावर घेऊन पाण्यात शिरला. आत्याला त्या खुर्चीत बसवलं, चौघांनी चार पाय खांद्यावर घेतले, आणि ती वहाळ ओलांडायला लागली. खुर्ची इकडे कलली की सगळे श्वास रोखायचे. ती मध्यावर असताना मागे कुर्लीचा दिवा विझला, आणि त्या काळोखात कुणाचा तरी पाय घसरला. खुर्ची एका अंगाला खाली गेली. मी डोळे मिटले. मी तेव्हा मनात काय काय कबूल केलं ते इथे लिहीत नाही.

"हलू रं मेल्यांनो!" काळोखातून आवाज आला. "मना हलद लावायची हाय!"

आत्या काठाला लागली. तिचे फक्त पाय भिजले होते. तिने गजरा चाचपला, चष्मा चाचपला, आणि म्हणाली, "नवरा कुटं हाय? पलाला? धरून आना त्याला." मला आणि कुर्लीला दोर बांधून बाकीच्यांनी ओढून काढलं. माझ्याशी कुणी बोललं नाही. नलिनीने फक्त एक टॉवेल दिला. तो देण्याची पद्धत अशी होती की तो मी अजून परत केलेला नाही.

निखिलला शोधून पाटावर बसवलं आणि हळद सुरू झाली. आत्याने देव पुन्हा बोलावले नाहीत. "मघा आले व्हते, अजून इथंच हायत," म्हणाली. मग एकेकाचं नाव घ्यायला लागली. आईबाप झाले, मामा झाला. आणि माझं नाव आलं. मी ओल्या पँटने उठलो, वाटीत बोट बुडवलं.

धवलारीण जुनं गाते तसं समोर दिसेल ते नवंही रचते. तिने माझ्याकडे बघितलं आणि धवल्यात कुर्ली आली. मग वॅट आले. एकेकाचे हिस्से आले, दादाचा हॉर्न, वहिनीची माळ, तेव्हा दोघंही मांडवाच्या छताकडे बघायला लागले. मग फ्यूज आला, चोरटा दिवा आला, भोकाची कळशीसुद्धा आली. 'सुधा बोलला गो, सुधा बोलला,' असं तिने म्हणायचं आणि सगळ्या बायकांनी टाळ्या पिटत मागून म्हणायचं. शेवटी सुधा रडला, तिथे त्यांनी ओळ तीनदा घेतली.

मला वाटलं, एका रात्रीचं आहे, होऊन जाईल. पण तो धवला बायकांना आवडला. आता अलिबागपासून खाली कुठेही हळद असली की तो म्हणतात. परवा एका लग्नात मी मागच्या रांगेत जेवत होतो, शेजारच्या बाईने दुसरीला कोपर मारून दाखवलं, "ह्योच तो सुधा!" म्हणून म्हटलं, आता लपवण्यासारखं काही उरलंच नाही, तर स्वतःच्या हाताने लिहून टाकावं.

लोक विचारतात, त्यातलं खरं किती? आता मी गप्प बसत नाही, सांगतो. सगळं खरं आहे. कुर्ली खरी, फ्यूज खरा, लाल खुर्ची खरी. एका ठिकाणी तेवढी आत्याने मला सवलत दिली आहे. धवल्यात मी एकदाच रडतो.